बॅटरीची वाटी घासू नका, हात जोडतो

नमस्कार मंडळी. आज खरं तर तीन सेलच्या लांब टॉर्चवर बोलायचं होतं. पण मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की आधी तोच घेऊ. "दादा, आतला रिफ्लेक्टर काळा पडलाय, कशाने घासू?" रिफ्लेक्टर म्हणजे बल्बभोवतीची चकचकीत वाटी.

कशानेच नाही.

बाकीचं पटकन सांगतो, त्यात काही अवघड नाही. ही बघा, नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात मिळाली. पितळी, दोन सेलची. झाकण फिरत नसेल तर आट्यांवर रॉकेलचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर तिकडे बघू नका. पक्कड लावलीत की नळी चेपलीच. आत सेल गळलेला असेल तर व्हिनेगर-व्हिनेगर करू नका. जुने साधे झिंक-कार्बन सेल गळतात ते आम्लधर्मी, त्याला खायच्या सोड्याचं पाणी. व्हिनेगर अल्कलाइन सेलला. बल्ब दोन सेलला अडीच व्होल्टचा, तीनला ३.८ चा. झालं.

हां, एका काकांनी लिहिलंय, "टॉर्चला बॅटरी म्हणू नका, शुद्ध बोला." काका, आमच्या घरी ती बॅटरीच आणि आत असतात ते सेल. आणि अमेरिकेत टॉर्चला फ्लॅशलाइट म्हणतात, ते तरी कुठे मोठं शुद्ध? १८९९ च्या आसपास सेलमध्ये दमच नव्हता. बटण दाबायचं, क्षणभर चमकायचं, सोडायचं. म्हणून फ्लॅश.

तर वाटी. आपण नाशिकचे, भांडी बाजारात वाढलेले. पितळ दिसलं की हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले होते. आजोबा निफाडला रात्रीची लाईट आली की द्राक्षाला पाणी द्यायला जायचे, तेव्हाची त्यांची ही दुसरी बॅटरी. मी आठवीत. दिवाळीची भांडी निघाली, त्यात मी वाटीही चिंच लावून घासली. पाच मिनिटांत आतून पिवळीधमक! काय मस्त वाटलं. रात्री लावली तर भिंतीवर नुसता चहाचा डाग. आजोबा काही बोलले नाहीत. कंदील उचलला आणि गेले.

काय झालं होतं? पितळावर चांदीचा मुलामा होता, तो मी चिंचेबरोबर मोरीत सोडला. उजेड लांब फेकायचं काम त्या मुलाम्याचं, पितळाचं नाही. नंतरच्या टॉर्चमध्ये चांदीऐवजी ॲल्युमिनियम आलं, आणि तो थर साधारण ०.१ मायक्रॉन. आपला केस धरा ७० मायक्रॉनचा. म्हणजे केसाचे सातशे पापुद्रे काढा, त्यातला एक. त्यावर तुम्ही फडकं फिरवणार?

"टूथपेस्ट चालेल का?" नाही. तिच्यात बारीक पूड असते, दात घासायला असते ती. "मऊ सुती कापड?" नाही. "बोटाने हळूच?" अहो, नाही!

आधी काच काढा. दहातल्या निम्म्या वेळा तरी मळ काचेच्या आतल्या बाजूला असतो आणि शिव्या वाटी खाते. काच धुवा, पुसा, मग वाटीकडे बघा. धूळ असेल तर हवा मारायचा रबरी फुगा दाबून हवा मारा. फारच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा, उपडी ठेवून वाळवा. हात लावायचा तो फक्त कडेला. चांदी खरंच गेली असेल तर सराफ बाजारात चांदीचं पाणी देणाऱ्याला विचारा. माझी तशीच करून आणली, ही बघा, आता नाकावरचा चष्मा दिसतो तिच्यात.

आणि "दादा, सरळ एलईडी टाका ना" वाले. टाका की, तुमच्या बॅटरीत. बिबट्या फिरतो त्या उसात जायचं असेल तर मीही एलईडीच नेईन. पण जुनी जागवायची तर तो पिवळा उजेडच हवा ना?

परवा आजोबांची ही बॅटरी मामाला दाखवली. त्याने उजेड बघितलाच नाही, सरळ विचारलं, "बुडाच्या झाकणात जादाचा बल्ब असायचा, बघितलास?" एवढी वर्षं झाली, स्प्रिंगखाली मी कधी बघितलंच नाही. थांबा, कॅमेरा जवळ घेतो. स्प्रिंग काढली... कागदाचा बोळा आहे... आणि हा बघा. तार शाबूत आहे. लावू?