मॅटवर परतण्याआधी

कबड्डीत पकड घेताना साथीदाराचा गुडघा एका शाळकरी मुलीच्या कानशिलावर बसला. रक्त नाही, टेंगूळही नाही. पण गुणफलक काय, हे तिला सांगता येईना. प्रशिक्षकांनी त्याच क्षणी तिला बाहेर घेतलं, आणि तेच योग्य होतं. अशा माराची लक्षणं उशिरानेही दिसतात. ऑगस्ट २०१९मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागल्यावर ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ पुन्हा फलंदाजीला आला. त्रास दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवला. पुढची कसोटी तो खेळला नाही.

हिचा सीटी स्कॅन नॉर्मल आला. कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्यात, बहुतेकदा तसंच होतं. मेंदूची रचना जागेवर असते, काम बिघडतं. पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि ही घडी परत बसवायला मेंदूला जास्तीची ऊर्जा लागते.

पहिले दोन दिवस घरात आराम, मोबाईल बाजूला. पण त्यानंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं नाही. ॲम्स्टरडॅमला २०२२मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनीही २४ ते ४८ तासांनंतर हळूहळू हालचाल वाढवायला सांगितलं.

व्हरांड्यात ती चालतेय. बाबा विचारतात, "दहापैकी किती दुखतंय?" चालण्याआधी दोन होतं, आता तीन. एवढं चालतं. दोनपेक्षा जास्त अंकांनी वाढलं किंवा तासाभरात उतरलं नाही, तर त्या दिवशी तिथेच थांबायचं.

आता रेषेवरून, टाचेला चवडा लावत. चौथ्या पावलाला हात भिंतीकडे जातो. काही दिवसांनी हीच रेषा ती हात कमरेवर ठेवून पार करते.

मॅटआधी शाळा. सुरुवातीला अर्धाच दिवस. फळ्यावरचं वहीत उतरवताना डोळे शिणतात. मग सायकल, एकटीने धावणं, पदलालित्य. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. डोकं पूर्ण शांत झाल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच अंगाला अंग लागणारा सराव. मुलांना यात चार आठवडेही लागतात. घाई करू नका, पालकहो. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर क्वचित जिवावरही बेततं.

जिल्हा निवड चाचणी हुकली.

आज पाचवी पायरी, अंगाला अंग लागणारा सराव. समोर चढाईला संघातलीच मुलगी आहे, आणि डाव्या कोपऱ्यातून पकड हिलाच घ्यायची आहे.