आधी सामान किनाऱ्याला लागू दे, मग अँटेनाचं बघू

नमस्कार मंडळी. आज हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून रेडिओवरून जगभरच्या लोकांशी बोलण्यावर, बोलायचंय, पण खरं सांगू का, रेडिओबद्दल त्यात थोडंच येणारे. ध्रुवाकडच्या एखाद्या ओसाड बेटावर एक्स्पिडिशन न्यायची म्हणजे दोन-तीन वर्षं तयारीत जातात आणि ती सगळी तयारी एकाच प्रश्नाभोवती फिरत असते, की जहाजातलं सामान किनाऱ्यावर उतरवायचं कसं.

पण मुळात तिथे जातात कशाला? तर हॅम लोकांची एक यादी आहे, डीएक्ससीसी नावाची, अमेरिकेतली एआरआरएल ही संस्था ती सांभाळते आणि त्यात ३४० नावं आहेत, छंद असा की यातल्या जास्तीत जास्त ठिकाणांशी रेडिओवर बोलायचं. ही नुसती देशांची यादी नाही, लांबची बेटंही वेगळी धरतात, म्हणजे दक्षिण ध्रुवाकडची बूव्हे आणि पीटर पहिला ही दोन्ही बेटं नॉर्वेकडे असली तरी यादीत ती वेगवेगळी. आता जिथे माणूसच राहत नाही तिथून तुमच्या हाकेला उत्तर कोण देणार? कोणीतरी रेडिओ घेऊन तिथे जावं लागतं. कित्येकांनी बाकी जवळजवळ सगळं मिळवलेलं असतं आणि एका बेटासाठी पंधरा-पंधरा वर्षं वाट बघत बसलेले असतात, वेडेच लोक, पण मला आवडतात.

बूव्हेचंच घ्या. सुमारे ४९ चौरस किलोमीटर, त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग बर्फाखाली, आणि सगळ्यात जवळची जमीन म्हणजे अंटार्क्टिका, तीही साधारण १७०० किलोमीटरवर. १ जानेवारी १७३९ ला एका फ्रेंच दर्यावर्द्याला ते पहिल्यांदा दिसलं, पण त्याने जागा चुकीची नोंदवली, त्यामुळे पुढे कॅप्टन कुकसारख्याने शोधलं तरी त्याला काही ते सापडलं नाही. बंदर नाही, धक्का नाही, चहूबाजूंनी कडे आणि बर्फाच्या भिंती, आणि लाटा अशा की रबरी बोट उलटायला एक पुरे.

२०१८ मध्ये थ्री वाय झीरो झेड (हा त्यांचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव) ही टीम या बेटाच्या जवळ पोचली होती, बेट समोर दिसत होतं, हेलिकॉप्टरने उतरायचं ठरलेलं, पण हवामान उघडेना आणि त्यात जहाजाच्या इंजिनात बिघाड झाला, कॅप्टनने जहाज परत फिरवलं. एकही कॉन्टॅक्ट, म्हणजे रेडिओवर कोणाशीही बोलणं, नाही. मग २०२३ मध्ये थ्री वाय झीरो जे वाले गेले, त्यांना बोट थेट किनाऱ्याला लावताच येत नव्हती, शेवटी सर्व्हायव्हल सूट घालून दोर धरून पाण्यातून माणसं आणि सामान ओढत नेलं. ठरवलेल्या सामानातलं थोडंच वर गेलं, तरी तेवढ्यावर सुमारे १९ हजार कॉन्टॅक्ट झाले! उलट २००६ ला पीटर बेटावर हेलिकॉप्टर होती, तिथे आकडा ८७ हजारांच्या वर गेला. दोन्हीकडचे ऑपरेटर तितकेच तयारीचे हो, फरक पडला तो किनाऱ्यावर किती किलो पोचलं याचा.

म्हणून माझं मत असं की पॅकिंगची यादी वस्तूंप्रमाणे करूच नये, खेपेप्रमाणे करावी. सगळे रेडिओ एका पेटीत, सगळ्या केबल दुसऱ्या, जनरेटर तिसऱ्या, असं घरी बसून फार नीटनेटकं वाटतं, पण दुसरी खेप गेलीच नाही तर? रेडिओ किनाऱ्यावर आणि केबल जहाजात! त्यापेक्षा पहिल्याच खेपेत तंबू, स्लीपिंग बॅग, खाणं, स्टोव्ह आणि एक आख्खं छोटं स्टेशन जायला हवं, म्हणजे १०० वॉटचा रेडिओ, एक साधी व्हर्टिकल, म्हणजे सरळ उभी, अँटेना, लहान जनरेटर, थोडं पेट्रोल, लॅपटॉप. सिग्नलची ताकद वाढवणारे मोठे अँप्लिफायर वगैरे नंतर बघू. आणि प्रत्येक पेटी पाण्यात पडली तर तरंगली पाहिजे आणि एका माणसाला ओढता आली पाहिजे.

अँटेनाही तिथे वेगळा विचार करून न्यावी लागते. जाडजूड मोठी अँटेना वाऱ्यात टिकेलच असं नाही, म्हणून पाण्याच्या अगदी कडेला व्हर्टिकल उभ्या करतात, समोर खारं पाणी असलं की सिग्नल क्षितिजाच्या लगत छान निघतो, फुकटचा अँप्लिफायरच म्हणा. पण बर्फावर कँप असेल तर अर्थिंग विसरा, बर्फातून वीज धड जातच नाही, रेडियलच्या, म्हणजे अँटेनाच्या बुडाशी पसरायच्या, तारा वर उचलून बांधाव्या लागतात. आणखी एक गंमत, वाऱ्याने उडणारा कोरडा बर्फ अँटेनावर आपटत राहतो तेव्हा तिच्यावर चार्ज साठतो आणि रिसीव्हरमध्ये नुसती खरखर. साध्या केबलचं प्लॅस्टिक थंडीत इतकं कडक होतं की वाकवायला गेलं की तडकतं, तेव्हा हे सगळं निघायच्या आधी डीप फ्रीजरमध्ये ठेवून बघायचं, हातमोजे घालून कनेक्टर लावून बघायचा. हसू नका, उघड्या बोटांनी तिथे पाच मिनिटंही काम होत नाही.

परवानगीचं काम वेगळंच. बूव्हे १९७१ पासून संरक्षित आहे, तिथे पेंग्विन आणि सील आहेत, त्यामुळे परवाना लागतो, बुटांच्या तळव्यातली माती आणि जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बीसुद्धा साफ करून जायचं, आणि येताना कचरा सगळा परत. हा परवान्याचा कागद जपून ठेवायचा कारण डीएक्ससीसी वाले नंतर तो मागतात, नाहीतर एवढी मेहनत यादीत धरली जाणार नाही.

आणि जायचं ते तिकडच्या उन्हाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत, कारण तेव्हाच जहाज जवळ जाऊ शकतं. पण १६० मीटरसारख्या खालच्या, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या, बँडला अंधार लागतो, दोन्ही टोकांना, आणि तिकडे तेव्हा रात्र छोटी. त्यामुळे कुठल्या भागाशी दोघांकडे अंधार कधी आणि किती मिनिटं आहे याचं वेळापत्रक आधीच करून न्यावं लागतं, त्या वेळी ऑपरेटर जेवायला गेला तर गेलं सगळं. त्यात सूर्यावर काही उलथापालथ झाली की ध्रुवाकडच्या रेडिओच्या वाटा सगळ्यात आधी बंद.

ऑपरेटिंगचा सराव मात्र घरीच करून जायचा. बेटावरचा माणूस एका फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि त्याच्या वरच्या पट्ट्यात ऐकतो, तिथे हजारो जण एकाच वेळी ओरडत असतात, त्यातून एक कॉलसाइन वेचायचा, उत्तर द्यायचं, लॉगमध्ये, म्हणजे कॉन्टॅक्टच्या नोंदवहीत, टाकायचं, पुढचा. झोप नाही, बोटं गार, तरी आवाज शांत ठेवायचा. एफटी८ ही कॉम्प्युटरवरून छोटे संदेश पाठवायची पद्धत आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, बरंचसं काम कॉम्प्युटर करतो, पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने, आणि कमकुवत स्टेशनलाही संधी मिळते. ज्यांना ते आवडत नाही ते नाक मुरडतात, मुरडू द्या, पण १०० वॉटवर बसलेल्या थकलेल्या टीमला विचारा.

शेवटचं म्हणजे लॉग. रोज त्याची कॉपी सॅटेलाइटवरून बाहेर पाठवायची आणि एक पेन ड्राइव्ह ऑपरेटरच्या आतल्या खिशात, कारण कॅप्टनचा निरोप कधीही येतो की हवा बिघडतेय, तासाभरात निघा. आणि लॉग रोज ऑनलाइन दिसला की लोकांना आपला कॉलसाइन त्यात सापडतो, मग ते खात्रीसाठी म्हणून परत परत हाका मारत नाहीत, आणि मागे अजून पहिल्याच कॉन्टॅक्टसाठी ताटकळलेल्याला जागा होते.