अथेन्सचं घुबड

(दृश्य: काळ्या कापडावर चांदीचं जाड नाणं. कॅमेरा घुबडाच्या डोळ्यांवर.)

आपल्याकडे घराजवळ घुबड घुमलं की म्हातारी माणसं अस्वस्थ होतात. प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्समध्ये मात्र घरात घुबडं असावीत, अशी प्रत्येकाची इच्छा. जितकी जास्त, तितकं बरं.

हे ते घुबड. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातलं चार द्राख्मांचं नाणं. वजन १७ ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाच्या जवळजवळ दीडपट. पक्षीही तसा परका नाही. आपला पिंगळा याच्याच भाऊबंदांतला. शास्त्रज्ञांनी त्या प्रजातीला नाव दिलंय ‘अथेनी’.

(दृश्य: नाणं उलटतं.)

आणि ही अथीना, नगराची देवता. डोक्यावर शिरस्त्राण. तिचा डोळा नीट बघा. चेहरा बाजूने कोरलाय, डोळा मात्र समोरून दिसावा तसा, पूर्ण बदामी. ही जुनी पद्धत. तिकडे पार्थेनॉनवर, म्हणजे अथीनाच्या देवळावर, शिल्पकार जिवंत वाटावीत अशी माणसं घडवत होते, आणि त्याच शहराची टांकसाळ आजोबांच्या काळचा डोळा उमटवत होती. कारागीर कमी पडले म्हणून नव्हे. इजिप्तपासून सिरियापर्यंतचे व्यापारी हे नाणं रूपावरून ओळखायचे. रूप बदललं असतं, तर प्रत्येकाने आधी तराजू काढला असता. हा डोळा बदलायला इ.स.पू. चौथं शतक उजाडलं.

(दृश्य: ऐरण, ठसा, हातोडा.)

देवीचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला. त्यावर चांदीची चकती, वरून घुबडाचा ठसा, आणि हातोड्याचा घाव. घाव जरा सरकला की शिरस्त्राणाचा तुरा नाण्याबाहेर! अशी बिनतुऱ्याची अथीना संग्रहालयांत पुष्कळ दिसते.

चांदी अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणींतली. अरुंद बोगदे, आणि आत राबणारे गुलाम. इ.स.पू. ४८३च्या सुमारास तिथे मोठं घबाड लागलं. माणशी दहा द्राख्मा वाटून टाकू, असं लोकांच्या मनात होतं. थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याने त्यांना युद्धनौका बांधायला राजी केलं. तीनच वर्षांनी अथेन्सजवळच्या सॅलॅमिस बेटाच्या सामुद्रधुनीत त्याच नौका इराणी आरमाराला भिडल्या.

(दृश्य: लोखंडी सळ्यांची जुडी.)

द्राख्मा म्हणजे मूठभर. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा, आणि ओबोल हे नाव आलं मांस भाजायच्या लोखंडी सळीवरून. सहा सळ्या मुठीत मावतात, एवढा साधा हिशेब. पुढे हाच शब्द भारतात आला, ‘द्रम्म’ झाला, शिलाहार-यादवांच्या लेखांत कोरला गेला. ‘दाम करी काम’ म्हणताना आपण त्याचंच नाव घेतो.

(दृश्य: अगोरा, म्हणजे अथेन्सचा बाजारचौक. सावलीतलं एक मेज.)

नाणं वाजवून घ्यायची सवय त्यांनाही होती. खोटं नाणं म्हणजे आत तांबं किंवा शिसं, वर चांदीचा पापुद्रा. इ.स.पू. ३७५च्या सुमारास निकोफॉन नावाच्या नागरिकाने यावर कायदा मांडला. तो कोरलेली शिळा १९७० साली अगोरातच सापडली. बाजारात एक पारखी बसायचा, आणि तो सरकारी गुलाम होता. नाणं खोटं निघालं की त्याने ते तिथल्या तिथे आडवं छेदायचं. खरं ठरलेलं नाणं दुकानदाराने नाकारलं, तर त्या दिवशी मांडलेला त्याचा माल जप्त. आणि पारखी जागेवर नसला, तर त्याच्या पाठीवर पन्नास फटके! अख्ख्या बाजाराचा विश्वास ज्याच्या नजरेवर, त्याच्याच पाठीवर.

(दृश्य: तळहातावर डाळीएवढी चांदीची नाणी.)

चार द्राख्मांचं नाणं काही भाजी घ्यायला निघत नसे. त्यासाठी चिल्लर, तीही चांदीचीच. एक ओबोल पाऊण ग्रॅमसुद्धा भरत नाही. कपड्यांना खिसे नाहीत. मग बाजारात जाताना ठेवायची कुठे? गालात.

न्यायालयात पंच म्हणून दिवसभर बसलं की तीन ओबोल मिळत. ॲरिस्टोफनीसच्या एका नाटकातला म्हातारा पंच हीच कमाई तोंडात घेऊन घरी येतो. लेक धावत येते, पाय धुते, तेल लावते, ‘बाबा, बाबा’ करत गळ्यात पडते, मुका घेते...

आणि जिभेने अलगद ते नाणं काढून घेते.