फिट थांबली, तरी गोळी थांबवू नका

श्रोतेहो, नमस्कार. अपस्मार, म्हणजे आपल्या इंदूरच्या घरांतून ज्याला फिट, फेफरे किंवा मिर्गी म्हणतात, त्या आजारावर औषधे आहेत आणि ती बहुतेकांना लागूही पडतात. तरीही फिट पुन्हा आली म्हणून रुग्णाला घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारावा लागतो, तो गोळी चुकली होती का, हाच. आजचे बोलणे मुख्यतः त्या गोळीविषयी आहे.

मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युतसंकेतांनी एकमेकींशी व्यवहार करतात. असंख्य पेशी एकाच वेळी अनियंत्रितपणे संकेत सोडू लागल्या की झटका येतो. माणूस किंचाळून कोसळतो, अंग ताठ होते, ओठ निळसर पडतात, हातपाय झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो आणि मग घोरल्यासारखा श्वास चालू होतो. मात्र प्रत्येक झटका असा दिसत नाही. वर्गात बसलेले मूल काही सेकंद शून्यात पाहत राहते, पापण्या फडफडतात, आणि बाईंना वाटते की याचे लक्ष नाही. उलट, एकच फिट आली म्हणजे अपस्मार झाला, असेही नाही. लहान मुलांना तापात येणारी आकडी किंवा रक्तातील साखर एकदम उतरल्याने आलेला झटका यांचा विचार वेगळा करावा लागतो.

झटका आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवणे, मुठीत किल्ल्या देणे हे प्रकार अजूनही चालतात. त्यांचा उपयोग शून्य आहे, कारण बहुतेक झटके एकदोन मिनिटांत आपोआपच थांबतात आणि श्रेय किल्ल्यांना मिळते. आपण करायचे ते एवढेच, की आसपासच्या टोकदार वस्तू दूर साराव्यात, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, झटके ओसरताच रुग्णाला कुशीवर वळवावे आणि घड्याळाकडे पाहावे. दातांमध्ये चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही पाजू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा आला, तर 108 क्रमांकावर फोन करून तडक रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी झटका थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा फवारा लिहून दिलेला असेल, तर तो कुठे ठेवला आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. एखाद्याने मोबाइलवर झटक्याचे चित्रण केले तर तेही डॉक्टरांना दाखवावे. निदानाला त्याची फार मदत होते.

आता औषधे. फेनोबार्बिटोन 1912 पासून आणि फेनिटॉइन 1938 पासून वापरात आहे. त्यानंतर कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम अशी अनेक आली. योग्य उपचार मिळाले तर दहापैकी सुमारे सात रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. पण ही औषधे झटक्यांना आवर घालतात, त्यांचे मूळ काढून टाकत नाहीत, म्हणून रक्तातील त्यांची पातळी रोज टिकून राहावी लागते. फेनिटॉइनने हिरड्या सुजू शकतात, लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते, कार्बामाझेपिनने अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते. असे काही झाले की डॉक्टर औषध बदलतात. ते काम आपण घरी करायचे नाही.

चुकण्याच्या जागा आपल्या ओळखीच्याच आहेत. नवरात्राचा कडक उपास असतो आणि गोळी राहते. वास्तविक पाण्याबरोबर गोळी घेतल्याने कोणताही उपास मोडत नाही, असे आपल्याच घरातल्या थोरांनी सांगायला हवे. अनंत चतुर्दशीला झांक्या पाहत रात्र जागवली जाते. तेव्हा रात्रीची गोळी चुकते आणि झोपही बुडते, आणि अपुरी झोप हे झटक्याचे मोठे निमित्त आहे. झांक्या जरूर पाहाव्यात, पण गोळी खिशात घेऊन, आणि वेळेवर घरी परतून. एखादी मात्रा विसरली तर आठवताच घ्यावी; पुढची वेळ जवळ आली असेल तर मात्र एकदम दोन गोळ्या घेऊ नयेत.

सर्वांत घातक चूक म्हणजे वर्षभर फिट आली नाही म्हणून गोळ्या एकदम बंद करणे. त्यातून न थांबणारे झटके सुरू होऊ शकतात. साधारणतः दोन किंवा अधिक वर्षे झटक्यांविना गेल्यावर डॉक्टर औषध कमी करण्याचा विचार करतात, तोही सर्वांच्या बाबतीत नाही, आणि तेव्हाही मात्रा काही महिन्यांत हळूहळू उतरवतात.

मुलींच्या बाबतीत स्पष्ट बोलले पाहिजे. लग्न ठरताना आजार लपवला जातो, मग सासरी गोळ्यांचे पाकीट साड्यांच्या घडीत दडते आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात ती गोळी राहूनच जाते. अपस्मार आहे एवढ्या कारणाने लग्न अमान्य ठरवण्याची तरतूद 1999 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून काढून टाकलेली आहे. तेव्हा लग्नाआधीच मोकळेपणाने सांगावे. अशा बहुतेक स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात. पण व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याने दिवस राहण्याच्या पुष्कळ आधी डॉक्टरांना भेटून औषधाची निवड करावी आणि फॉलिक ॲसिडही सुरू करून घ्यावे. दिवस राहिल्याचे अचानक कळले, तरी घाबरून गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.