आडवळणाने नको, थेट विचारा

नमस्कार मंडळी,

कार्यक्रमपत्रिकेत ‘मानसिक स्वास्थ्य’ असं मोघम छापलंय. मला बोलायचंय ते नैराश्य आणि आत्महत्येबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ७ लाखांहून जास्त माणसं अशी जातात.

जवळच्या कुणाबद्दल शंका आली, तर विचारायचं कसं? ‘विचारलं तर नसतं खूळ डोक्यात शिरेल’ ही भीती बहुतेकांना वाटते. यावर बराच अभ्यास झालाय. विचारल्याने धोका वाढतो असं दिसलेलं नाही. उलट पुष्कळांना मोकळं वाटतं. “तू वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?” असं मात्र नको. त्यावर समोरचा ‘छे’ म्हणतो आणि विषय मिटतो. “जीव द्यावा असं मनात येतं का?” असं सरळ विचारा.

मग गप्प बसा. आपल्याला तेच जमत नाही! ‘तुला कमी काय आहे’, ‘आईवडिलांचा तरी विचार कर’ असं आपण लगेच सुरू करतो. त्या माणसाच्या मनात अपराधीपणा आधीच काठोकाठ असतो, त्यात आपली भर.

उत्तर ‘हो’ आलं, तर काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, तेही विचारा. तयारी दिसली तर एकटं सोडू नका, साधन दूर करा, आपत्कालीन सेवेला फोन लावा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘ज्याला करायचंय तो करतोच’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना श्रीलंकेचं उदाहरण द्या. तिथे अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतरच्या वीसेक वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. टोकाची ऊर्मी पुष्कळदा ओसरते. तेवढा वेळ मिळायला हवा.

नैराश्य म्हणजे सदा रडवेला चेहरा, असंही नाही. कुणी सतत चिडतो, वयस्कर माणूस अंगदुखीच सांगत राहतो. झोप, भूक, आवडीनिवडी दोन आठवडे बिघडलेल्या असतील, तर डॉक्टर गाठा. समुपदेशनाने गुण येतो, गोळ्यांनीही येतो, पुष्कळदा दोन्ही लागतात. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात, त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवू शकतो; म्हणून अनेक जण तिथेच सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात. बंद करायचं ते डॉक्टरांना विचारून, हळूहळू. उपचार सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे, विशेषतः तरुण मुलांवर, घरच्यांनी लक्ष ठेवावं.

आता प्रश्न घेऊ. चारचौघांत विचारायचा नसेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवा, नाव घालू नका.