पाण्याशिवायची गुराब

(पडद्यावर: वाघोटण खाडीचं मुख, भरतीचं पाणी, पलीकडे विजयदुर्गाचे बुरूज. तिथून थेट काळं आकाश आणि त्यात तरंगणारं करडं जहाज.)

कॉम्प्युटरवरच्या एका खेळातलं हे जहाज बावन्न ठोकळे लांब आहे. एक ठोकळा अडीच मीटरचा, म्हणजे नाळेपासून, पुढच्या निमुळत्या टोकापासून, शेवटापर्यंत १३० मीटर. याला पाणी लागत नाही, वारा अडवत नाही, लाट आपटत नाही. याच्या जागी आंब्याच्या पेटीसारखा नुसता चौकोनी खोका बांधला असता, तरी तो याच वेगानं उडाला असता. सेकंदाला १०० मीटर. खेळानं घालून दिलेली मर्यादाच तेवढी आहे, आणि ती खोक्यालाही तीच, गुराबेलाही, म्हणजे जुन्या लढाऊ जहाजाच्या धर्तीवर बांधलेल्या या जहाजालाही, तीच.

खेळाचं नाव स्पेस इंजिनिअर्स. चेक प्रजासत्ताकातल्या प्राग शहरातल्या कीन सॉफ्टवेअर हाउस या कंपनीनं तो २०१३ मध्ये अर्धाकच्चा असतानाच लोकांच्या हाती दिला आणि २०१९ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. ठोकळ्याला ठोकळा जोडायचा, आत इंजिनं बसवायची, इंधनाची नळी ओढायची आणि उडायचं. वजन खरं, जडत्व खरं. पुढे ढकलणारं इंजिन आहे पण मागे ढकलणारं नाही, तर जहाज थांबणार नाही. हवेचा विरोध मात्र खेळात नाही. त्यामुळे जहाज कसं दिसावं याचा जाब तिथे कुणीच विचारत नाही.

बहुतेकांची जहाजं कुरूप होतात ती इथेच.

हे जहाज बांधणारा मुलगा देवगड तालुक्यातला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीत घरी आलाय. दिवसा हापूस भरायचा, रात्री जहाज बांधायचं. नाव पडद्यावर नको, असं त्याचं म्हणणं. कारण आईच्या समजुतीप्रमाणे तो अकरा वाजता झोपतो.

(पडद्यावर: खोलीतला कॉम्प्युटर. मागे भिंतीला टेकून उभे रिकामे खोके.)

एकदा काका रात्री पाणी प्यायला उठले आणि मागे येऊन उभे राहिले. काकांचं आयुष्य होड्यांत गेलंय. आधी लाकडाच्या, आता फायबरच्या.

"ह्या खंय चालता? पाण्यार?"

"नाय काकानू. आकाशात."

"मगे ह्येका नाळ कित्याक होयी?"

एवढं विचारून काका झोपायला गेले. त्यांना उत्तर नकोच होतं. पण आकाशातल्या जहाजाला नाळ कशाला हवी, हा प्रश्न रास्त आहे, आणि ही सगळी फिल्म त्या प्रश्नावरच उभी आहे.

समोर विजयदुर्ग आहे. आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथेच जळालं. त्या आरमारातल्या मोठ्या लढाऊ जहाजाला गुराब म्हणत. गुराबेचं वर्णन अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं केलंय, आणि ते कुणा कारागिरानं सांगावं इतकं नेमकं आहे. बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब साधारण ३०० टनांची, दोनची १५० टनांची. पाण्यात फार खोल न बसणारी, लांबीच्या मानानं रुंद, आणि मधून पुढे निमुळती होत गेलेली. पुढे इतर जहाजांसारखा फुगीर भाग नाहीच. त्या जागी पुढे काढलेली लांब नाळ.

आणि या नाळेवरचा डेक उघडा. बाकीच्या जहाजाला कठडे, नाळेला नाहीत. समोरून लाट आली की अशी जहाजं जोरात वरखाली होत, पाणी नाळेवर चढे. कठडा असता तर ते तिथेच साचलं असतं. उघड्या नाळेवरून ते आलं तसं वाहून जाई. नाळ जिथे संपते तिथे आडवी भिंत, भिंतीला झरोके, झरोक्यांतून डोकावणाऱ्या दोन तोफा. नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या. त्या नाळेच्या वरून थेट पुढे मारा करत.

मुलानं हे वर्णन कुठेतरी वाचलं आणि त्याचं जहाज बदललं.

(पडद्यावर: जहाजाचा पुढचा भाग, बाजूनं. आडवी भिंत, तिच्यावर टरेट, म्हणजे फिरत्या तोफा, पुढे लांब सपाट नाळ.)

नीट बघा. नाळ अकरा ठोकळे पुढे गेलीय आणि तिच्यावर काहीही नाही. दिवा नाही, अँटेना नाही, शिडी नाही. मागे आडवी भिंत आहे. भिंतीच्या माथ्यावर दोन टरेट, आणि त्यांच्या खाली भिंतीत खोल बसवलेले चार थ्रस्टर, म्हणजे जहाज ढकलणारी इंजिनं, तोंड पुढे करून. हे जहाजाचे ब्रेक. आता या खेळात थ्रस्टरची ज्वाळा नुसती शोभेची नसते. तिच्या वाटेत स्वतःचाच ठोकळा आला तरी ती त्याला जाळते. ब्रेकचे थ्रस्टर पुढे बसवावेच लागतात आणि पुढे तर देखणं नाक हवं असतं, हे प्रत्येक बांधणाऱ्याचं दुखणं आहे. कुणी ते नाकावरच बसवतात, मग समोरून जहाज भोकाभोकांचं दिसतं. कुणी बाजूला पंख काढून त्यात लपवतात.

या पोरानं नाळ खाली घेतली आणि वरची जागा मोकळी सोडली. ज्वाळा भिंतीतून निघते आणि नाळेच्या वरून, एका ठोकळ्याची फट राखून, सरळ पुढे जाते. तिच्याही वरून तोफा. ऑर्मच्या गुराबेत नाळ उघडी होती ती पाण्याला वाट द्यायला. इथे पाणी नाही, पण वाट लागतेच.

माझ्या मते काकांना द्यायचं उत्तर हेच आहे.

आता थोडं हाताच्या कामाबद्दल. जहाज आतून बाहेर बांधायचं की बाहेरून आत, यावर या खेळात दोन पंथ आहेत आणि दोघांचं कधी पटत नाही. आतून बांधणारे आधी वीज बनवणारे रिअॅक्टर, टाक्या, माल ठेवायचे कंटेनर आणि त्यांना जोडणारे कन्व्हेयर मांडतात, मग सगळ्यावर पत्रा चढवतात. जहाज चोख चालतं आणि गोदामासारखं दिसतं. बाहेरून बांधणारे आधी सुंदर कवच उभं करतात, आणि शेवटी कळतं की सगळ्यात मोठा थ्रस्टर आत मावतच नाही.

(पडद्यावर: खाडीकाठची शेड. होडीचा साचा. ब्रश आणि रोलरचा आवाज.)

काकांच्या शेडमध्ये हा वाद नाही. फायबरची होडी साच्यात होते. साच्याला आतून मेण घासून चकचकीत करतात, म्हणजे होडी नंतर सुटून येते. मग पहिला थर जेलकोटचा, रंग त्यातच मिसळलेला. त्यावर काचतंतूची मॅट अंथरायची, रेझिन पाजायचं, रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. म्हणजे जगाला दिसणारी कातडी सगळ्यात आधी तयार होते आणि होडीचं पोट नंतर. पण तो साचा बनवताना आत इंजिन कुठे बसणार, जाळं किती जागा खाणार, बर्फाचा कप्पा केवढा, हे सगळं कुणीतरी आधीच धरलेलं असतं. म्हणून बाहेरून सुरुवात केलेली चालते.

पुतण्या खेळात साधारण तेच करतो. आधी एकच ठोकळा जाडीची उभी फळी, जहाजाच्या बाजूच्या आकाराची. नुसती कडा. ती बांधून झाली की हा लांब जातो, सूर्य फळीच्या मागे येईल असा उभा राहतो आणि काळी आकृती बघतो. त्या आकृतीत पुढचं कुठलं नि मागचं कुठलं हे लगेच कळलं नाही, तर फळी मोडायची. तपशील नंतर कितीही घाला, आकृती फसली असेल तर जहाज फसलंच. हे मी इतक्या ठामपणे सांगतोय, कारण लोक नेमकं उलट करतात. सुरुवातीलाच खिडक्या बसवत बसतात.

फळी पटली की यंत्रं कच्ची मांडून घ्यायची, म्हणजे जागा कळते. मग दर चार ठोकळ्यांवर एक आडवी बरगडी. तळाला अरुंद, मध्ये रुंद, वर परत आत. बरगड्या उभ्या राहिल्या की मधला पत्रा आपसूक सुचत जातो.

रुंदी सम घ्यायची की विषम, हेही तेव्हाच ठरवायचं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. खेळात सिमेट्रीची सोय आहे, डावीकडे ठोकळा लावला की उजवीकडे आपोआप लागतो. पण आरशाची रेघ ठोकळ्याच्या मधून धरायची की दोन ठोकळ्यांच्या सांध्यावर, हे आपण सांगायचं असतं. कॉकपिट एक ठोकळा रुंदीचा. जहाज दहा ठोकळे रुंद असेल तर तो कधीच मध्यावर येणार नाही, कायम एका अंगाला. म्हणून आपली गुराब अकरा रुंद आहे.

आणि गोलाई? ठोकळ्यांत गोल काहीच नसतं. उतार असतात. साधा उतार ४५ अंशांचा. दुसरा दोन ठोकळ्यांत एक ठोकळा चढणारा, साधारण साडेसव्वीस अंशांचा, त्याचे दोन तुकडे येतात: एक जाड बुडाचा, एक निमुळत्या टोकाचा. सपाट भागानंतर हा मंद उतार, मग ४५ चा, मग तोच मंद उतार उभा करून. चार पायऱ्यांत डोळा फसतो आणि वळण दिसायला लागतं.

(पडद्यावर: नाळेचा कोपरा, अगदी जवळून. एक तुकडा निघतो, फिरतो, परत बसतो.)

हा कोपरा बघा. तीन उतार एका जागी भेटतात, आणि तिथे त्रिकोणी भोक राहतं. भरायला उलटा कोपरा लागतो, पण तो चोवीस दिशांपैकी नेमक्या दिशेनंच बसवावा लागतो. कीबोर्डवरची सहा बटणं दाबत तो तुकडा फिरवत बसायचं. बसला की सांधा दिसतसुद्धा नाही. दिसत नाही म्हणून त्याचं कौतुकही कुणी करत नाही.

वजनाचा हिशेब वेगळा. हलक्या चिलखताचा मोठा ठोकळा ५०० किलोचा. जड चिलखताचा ३,३०० किलोचा. साडेसहा पटीहून जास्त. सगळं जहाज जड ठोकळ्यांत मढवलं तर ते हलवायला आणखी थ्रस्टर, थ्रस्टरला आणखी इंधन, इंधनाला आणखी टाक्या, आणि टाक्यांना झाकायला परत पत्रा. म्हणून जड फक्त नाळेला, आडव्या भिंतीला आणि कॉकपिटभोवती. बाकी हलकं.

रंगाबद्दल फार बोलायला नको. कवट्या, ज्वाळा, वाघाचे पट्टे काढायचा मोह सगळ्यांना होतो आणि बहुतेक जण त्याला बळी पडतात. इथे करड्याच्या दोन छटा आहेत आणि खालच्या अंगाला एक गडद लाल पट्टा, होडीचा पाण्याखालचा भाग वेगळा रंगवतात तिथे. पट्टा सरळ रेघेत आहे, जहाजाच्या उतारांबरोबर वर-खाली जात नाही. त्यामुळे वाकडेपणा कुठे आहे तो उठून दिसतो.

बारीकसारीक उंचवट्यांबद्दल मात्र बोलायला हवं. नळ्या, झाकणं, जाळ्या, खोबण्या. १९७० च्या दशकात हॉलिवूडचे मॉडेल बनवणारे कारागीर रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लास्टिक किटमधले सुटे भाग कापून अंतराळयानांवर चिकटवत. हातभर मॉडेल पडद्यावर मैलभर लांब वाटायचं ते या तुकड्यांमुळे. खेळणाऱ्यांनी ती युक्ती उचलली आणि अति केली. इंच इंच भरलेलं जहाज लांबून नुसतं खरखरीत दिसतं. गुराबेवर हे तुकडे तीनच ठिकाणी आहेत: थ्रस्टरभोवती, माल चढवायच्या दाराशी आणि टरेटच्या पायाशी. जिथे माणसाला हात घालावा लागेल तिथे. मध्ये मोठे मोकळे पत्रे. दाराशेजारी एक शिडी आहे, आणि केवळ तिच्यामुळे जहाज किती मोठं आहे हे कळतं, कारण शिडीवर माणूस किती चढतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

(पडद्यावर: जहाजाची मागची बाजू. उघड्या बरगड्या.)

मागची बाजू अजून झालेली नाही. मित्राचं म्हणणं, मागे हायड्रोजनचे थ्रस्टर लाव, ते ग्रहाच्या हवेतही चालतात आणि पोकळीतही. याचं म्हणणं, हायड्रोजनला टाक्या लागतात, टाक्यांनी मागचा भाग फुगतो आणि गुराबेची निमुळती पाठ जाते. आयनचे लावले तर वीज पुरते, टाकी लागत नाही, पण हवेत ते जवळपास निकामी, म्हणजे जहाज ग्रहावर उतरणारच नाही. मित्र विचारतो, जे बंदराला लागत नाही ते जहाज कसलं?

त्यात जानेवारी २०२५ मध्ये खेळाचा दुसरा भाग आलाय, अजून कच्चा आहे, आणि त्यात सगळं २५ सेंटिमीटरच्या मापावर जुळतं. अडीच मीटरच्या ठोकळ्याला खेटून वीतभर तुकडा बसवता येतो. मित्र म्हणतो, तिकडेच नव्यानं बांधू. हा म्हणतो, आधी ही पुरी होऊ दे. सध्या तरी बरगड्या उघड्या आहेत, उद्याच्या पेट्या भरायच्या आहेत, आणि मित्रानं स्वतःच्या कॉम्प्युटरवर ब्लूप्रिंटची नक्कल उघडून मागे गुपचूप दोन टाक्या बसवल्या आहेत. हे याला अजून कळलेलं नाही.