पापवाची उलटी पकड

पाऊस आहे, त्यामुळे तुम्ही बहुतेक जण छत्री घेऊनच आला आहात. ती मिटून बॅटसारखी धरून बघा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात आपसूक वर जातो, उजवा खाली. गोल्फमध्येही हेच. आता हात उलटे करा, उजवा वर आणि डावा खाली. मनगटं एकमेकांत अडकतात की नाही? आज मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे, तो जन्मभर असाच खेळला आणि जिंकला.

सेवसुंकर सेवगोलम, सगळे म्हणत पापवा. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर नेले, त्यांच्या वंशातला. लहानपणापासून कॅडी, म्हणजे साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा पोरगा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून चूक काढायलाही कुणी नव्हतं. ती पकड तशीच राहिली ती त्यामुळे, असं माझं मत. एखाद्या प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी ती सुधारली असती आणि एक खेळाडू बिघडवला असता!

त्याचा खेळ ग्रॅहम वुल्फ नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या नजरेत भरला. ऑइल ऑफ ओले हे क्रीम ज्याने तयार केलं, तोच हा. त्याने पापवाला युरोपात नेलं. 1959 मध्ये पापवाने डच ओपन जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा, आणि 1964 मध्ये तिसऱ्यांदा. त्याच 1959 मध्ये त्याचाच देशबांधव गॅरी प्लेअर ब्रिटिश ओपन जिंकला होता. एकाला घरचं प्रत्येक मैदान मोकळं, दुसऱ्याला, वर्णभेदामुळे, मैदानात पाऊल टाकायला सरकारी परवानगी.

1963 ची नाताळ ओपन डर्बन कंट्री क्लबवर झाली. पापवाला खेळू दिलं, पण ती मुभा गवतापुरती. क्लबच्या इमारतीत भारतीयाला प्रवेश नव्हता. गंमत बघा, गोल्फच्या काठीलाही क्लबच म्हणतात. एक क्लब हातात, दुसऱ्याचं दार बंद. स्पर्धा पापवा जिंकला. बक्षीस द्यायच्या वेळी पाऊस आला. गोरी मंडळी आत, विजेता बाहेर. करंडक त्याने पावसात उभं राहून घेतला. तो फोटो जगभर गेला आणि दक्षिण आफ्रिकेवर क्रीडाबहिष्कार घालावा म्हणणाऱ्यांचा आवाज वाढला.

मला मात्र त्या फोटोबद्दल एक तक्रार आहे. त्याने पापवाला कायमचं पावसातलं बिचारं करून टाकलं. बिचारा कसला? दोन वर्षांनी, 1965 मध्ये, त्याच नाताळ ओपनमध्ये त्याने कुणाला हरवलं? गॅरी प्लेअरला! त्याच वर्षी यूएस ओपन जिंकून गोल्फच्या चारही मोठ्या स्पर्धांचा संच पूर्ण करणारा प्लेअर. सरकारला जे झोंबलं ते हे. पावसात भिजलेल्या माणसाची कीव करता येते, घरच्या मैदानावर जगज्जेत्याला हरवणाऱ्याचं काय करणार?

तेही त्यांनी ठरवलं. गोऱ्यांच्या स्पर्धा त्याला बंद झाल्या. पासपोर्ट काढून घेतला, म्हणजे परदेशही संपला. वय अजून खेळायचं होतं, हात तेच होते. 1978 मध्ये तो वारला, हलाखीतच. डर्बनमध्ये उम्गेनी नदीच्या काठाशी आज महापालिकेचं एक गोल्फ मैदान आहे, त्याला पापवाचं नाव दिलंय.